राजपत्रात नुसता क्रमांक

कापसाच्या गाठींना भारतीय मानक ब्यूरोचं प्रमाणचिन्ह सक्तीचं करणारा आदेश केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाने २०२३ मध्ये काढला आणि मग त्याची मुदत पुन्हा पुन्हा पुढे ढकलली. दर मुदतवाढीला आपल्याकडे तोच वाद नव्याने पेटतो. कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या जिनिंगवाल्यांचं म्हणणं असं की कापूस कारखान्यात बनत नाही, शेतातून येतो. ऐन वेचणीत पाऊस पडला तर ओलावा वाढणारच, त्याची शिक्षा आम्हाला कशासाठी? दुसरी बाजू म्हणते, गाठीत कचरा निघतो म्हणून आपल्या रुईला बाहेर भाव पडून मिळतो, तेव्हा दर्जाची सक्ती हवीच. एकाला परवानाराज परत आल्यासारखं वाटतं, दुसऱ्याला सुधारणेची अडवणूक दिसते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण ज्या आदेशावरून एवढं चाललंय, त्यात ओलावा किती चालेल, कचरा किती चालेल, नमुना कसा काढायचा, यातलं काही लिहिलेलंच नाही. आदेशात एक तक्ता आहे. तक्त्यात मालाचं नाव आहे आणि त्यासमोर भारतीय मानकाचा एक क्रमांक: आयएस १२१७१. खरा नियम त्या क्रमांकाच्या कागदात आहे, आणि तो कागद राजपत्रात नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कायद्याने बाहेरच्या तांत्रिक कागदाचा आधार घेणं गैर नाही. पुष्कळदा त्यावाचून गत्यंतरही नसतं. पण एखादा कागद पाळला नाही म्हणून माणसाला दंड होऊ शकत असेल, तर तो कागद कायदाच झाला. मग कायद्याला जी पथ्यं पाळावी लागतात ती त्यालाही पाळावी लागतील. तो कुणालाही विनापरवानगी वाचता आणि छापता आला पाहिजे. त्याची कोणत्या वर्षाची आवृत्ती लागू आहे हे आदेशातच ठरलेलं असलं पाहिजे. आवृत्ती बदलायची तर नवी अधिसूचना काढून हरकती ऐकल्या पाहिजेत. आणि ज्यांच्यावर तो चालणार, त्यांच्या भाषेत तो मिळाला पाहिजे. जालन्यापासून नांदेडपर्यंत गाठींवरून जो वाद चाललाय, त्यात या चारपैकी एकाही गोष्टीची चर्चा होत नाही. सक्ती हवी की नको, एवढ्यावरच सगळे थांबतात.

या क्रमांकांमागे केवढं बळ उभं आहे ते आधी पाहू. भारतीय मानक ब्यूरो अधिनियम, २०१६ ने केंद्र सरकारला एखाद्या मालाला मानक सक्तीचं करण्याचा अधिकार दिला. सक्ती झाल्यावर प्रमाणचिन्हाशिवाय तो माल बनवणं, विकणं, साठवणंसुद्धा गुन्हा. त्यासाठी या अधिनियमात दोन वर्षांपर्यंत कैदेची किंवा पहिल्या गुन्ह्याला किमान २ लाख आणि पुढच्या प्रत्येक गुन्ह्याला किमान ५ लाख रुपये दंडाची तरतूद केली गेली. हा दंड मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत नेता येतो. तालुक्याच्या गावातल्या, दोन-तीन हंगाम कर्जावर चालणाऱ्या जिनिंगला एवढ्या रकमेचा अर्थ कुलूप असा होतो. तरीही ज्याच्या आधारे हे कुलूप लागू शकतं, तो मजकूर आणि राजपत्र यांचं नातं एका आकड्यापुरतं आहे.

यावर लगेच उत्तर येतं की आता मानकं फुकट मिळतात, मग तक्रार कसली? हे उत्तर अर्धं बरोबर आहे आणि ते श्रेय द्यायलाच हवं. कित्येक वर्षं ही मानकं विकत घ्यावी लागत. कार्ल मालामुद या अमेरिकन कार्यकर्त्याने हजारो भारतीय मानकं इंटरनेटवर मोफत ठेवली आणि २०१५ मध्ये त्याने व भारतातल्या सहकाऱ्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. पुढे ब्यूरोने धोरण बदललं. आज बहुतेक देशी मानकं त्यांच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून मोफत उतरवता येतात. आंतरराष्ट्रीय संघटनांकडून जशीच्या तशी घेतलेली मात्र त्यातून वगळलेली आहेत. बदल मोठा आहे, हे मान्य. पण फुकट मिळणं म्हणजे सार्वजनिक असणं नव्हे. २०१६ च्या त्याच अधिनियमाचं ११ वं कलम सांगतं की ब्यूरोच्या परवानगीशिवाय कुणीही भारतीय मानक किंवा त्याचा भाग छापू नये, प्रसिद्ध करू नये. प्रत काढायची तर ती स्वतःच्या वापरापुरती. याच्या शेजारी १९५७ चा कॉपीराइट कायदा ठेवा. त्याचं ५२ वं कलम राजपत्रात प्रसिद्ध झालेला मजकूर पुन्हा छापायला मोकळीक देतं. म्हणजे तोच ओलाव्याचा आकडा राजपत्रात छापला असता, तर परभणीच्या एखाद्या साप्ताहिकाला तो पहिल्या पानावर मोठ्या टाइपात छापता आला असता. राजपत्रात क्रमांक आणि आकडा मानकात, एवढ्या एका रचनेमुळे कायद्याचा मजकूर लोकांच्या मालकीतून निघून एका संस्थेच्या मालकीत जातो. ही रचना कुणी कट करून केली असं मी म्हणत नाही. ती सोयीसोयीने होत गेली. पण परिणाम तोच.

कायदा लोकांपर्यंत पोचला नसेल तर तो कायदाच नाही, ही गोष्ट आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रजासत्ताक दीड-दोन वर्षांचं असतानाच सांगितली आहे. जयपूर संस्थानच्या कौन्सिलने १९२३ मध्ये ठराव करून अफूचा कायदा केला आणि तो राजपत्रात कधी छापलाच नाही. त्या कायद्याखाली हरला नावाच्या माणसाला ५० रुपये दंड झाला. दंड एवढासा, पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि १९५१ मध्ये निकाल आला. तो लिहिला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी, जे त्याआधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. ज्या कायद्याची लोकांना माहिती नाही आणि ती करून घेण्याची सोयही नाही, त्याखाली शिक्षा करणं नैसर्गिक न्यायाला धरून नाही, असं म्हणून त्यांनी शिक्षा रद्द केली. पुढे १९८७ मध्ये बी. के. श्रीनिवासन खटल्यात न्यायालयाने हेच तत्त्व नियम, आदेश, अधिसूचना अशा दुय्यम कायद्यांनाही लावलं. मग माझा प्रश्न साधा आहे. आदेश प्रसिद्ध केला आणि आदेशाचा गाभा केला नाही, तर प्रसिद्धी झाली असं म्हणायचं का? हरलाच्या कायद्याचं नुसतं नाव राजपत्रात छापून मजकूर जयपूरच्या दप्तरात ठेवला असता, तर न्यायमूर्ती बोस यांचं समाधान झालं असतं का?

आता विरोधातले मुद्दे, जे खरोखर वजनदार आहेत. पहिला असा की आमदार-खासदारांनी स्टीलच्या सळईचा व्यास आणि पाण्यातलं फ्लोराईड ठरवत बसू नये. ते काम अभियंते, रसायनशास्त्रज्ञ, प्रयोगशाळा यांच्या समित्यांचं आहे. विज्ञान बदलतं, तसा कागद बदलावा लागतो. प्रत्येक बदलासाठी विधिमंडळाचा दरवाजा ठोठावला तर माणसं मरतील. लातूरच्या माणसाला हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीची जमीन हलली आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्या वेळी भूकंपरोधक बांधकामाच्या आयएस १८९३ या मानकात, त्याच्या १९८४ च्या आवृत्तीतल्या नकाशावर, हा सगळा भाग पहिल्या विभागात होता. पहिला विभाग म्हणजे सर्वांत कमी धोक्याचा. भूकंपानंतर नकाशा बदलला: पहिला विभाग रद्द होऊन दुसऱ्यात मिसळला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्यात गेला. त्याआधी १९६७ च्या कोयना भूकंपानंतरही याच मानकाचा नकाशा बदलावा लागला होता. जुनाच नकाशा कायद्यात कायमचा गोठवून ठेवला असता तर काय झालं असतं, हे वेगळं सांगायला नको.

पण याच उदाहरणात उत्तरही आहे. किल्लारीनंतरची सुधारित आवृत्ती आली २००२ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी. तिला कुठल्या विधानसभेने अडवलं नव्हतं. कायद्याच्या प्रक्रियेतून सुटका मिळाली की तज्ज्ञ समिती झपाट्याने चालते, हा समज किल्लारीच्या अनुभवाला धरून नाही. मी समितीला दोष देत नाही. दख्खनच्या पठाराच्या पोटात काय चाललंय हे १९८४ मध्ये फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. एवढंच म्हणतो की वेग आणि लपवणूक यांचा काही संबंध नाही. नवी आवृत्ती तयार झाल्यावर तिची अधिसूचना काढायला, मजकूर जोडायला, दोन महिने हरकती मागवायला नऊ वर्षांच्या तुलनेत किती वेळ लागतो? आणि तातडी असेल तर तात्पुरता आदेश काढून हरकती मागाहून ऐकता येतात.

किल्लारीबद्दल आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. मानक खुलं असतं म्हणून ती माणसं वाचली नसती. जाडजूड दगडमातीच्या भिंती आणि त्यांवर मातीच्या थराचं माळवद, अशा घरांना तेव्हा कुठलाच बांधकाम कायदा लागू नव्हता. पण योगायोग असा की अशाच कमकुवत बांधकामांना भूकंपात कसं तगवायचं यावरचं मार्गदर्शन, आयएस १३८२८, त्याच १९९३ साली प्रसिद्ध झालं. भिंतीच्या दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारा आरपार दगड ठरावीक अंतरावर घाला, कोपरे जोडून घ्या, छताखाली पट्टा फिरवा. यात न समजण्यासारखं काय आहे? औसा-उमरग्याच्या गवंड्याला हे एका दुपारात कळतं, आणि पुनर्वसनाच्या काळात गवंड्यांना ते शिकवलंही गेलं, पण गावं कोसळल्यावर. ‘तांत्रिक कागद सामान्य माणूस वाचणार नाही’ हा जो आक्षेप नेहमी घेतला जातो, त्याला माझं हे उत्तर आहे. कायदेही सगळे लोक वाचत नाहीत. वाचतो तो वकील, पत्रकार, ग्राहक चळवळीतला कार्यकर्ता, ग्रामसेवक, एखादा चौकस गवंडी. त्यांच्यापासून बाकीच्यांपर्यंत ते पोचतं. कापसाचंच घ्या. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर ८ टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात आणि त्याहून जास्त असेल तर गाडी परत, हे कापूस उत्पादकाला तोंडपाठ असतं. मीटरवर आकडा चढला की तो हुज्जत घालतो, दुसऱ्यांदा मोजायला लावतो. हाही तांत्रिक नियमच आहे. तो माहीत आहे म्हणून शेतकरी भांडू शकतो. गाठीच्या मानकाबद्दल त्याच शेतकऱ्याला, आणि त्याचा कापूस घेणाऱ्या जिनिंगवाल्यालासुद्धा, असं भांडता येतं का?

‘तांत्रिक’ म्हणून बाजूला ठेवलेल्या या कागदांमध्ये किती वेळा निव्वळ धोरण दडलेलं असतं, याकडे तर आपण बघतच नाही. मराठवाड्यासाठी सर्वांत महत्त्वाचा असा कागद म्हणजे आयएस १०५००, पिण्याच्या पाण्याचं मानक, २०१२ ची आवृत्ती. जलजीवन मिशनने घरोघरी जे नळाचं पाणी द्यायचं ठरवलं, त्याची गुणवत्ता याच मानकाने मोजायची आहे. गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं, संच द्यायचे, अशी त्यात सोय आहे. आता त्या मानकाचा तक्ता पाहा. जवळपास प्रत्येक घटकासमोर दोन रकाने आहेत. पहिल्यात स्वीकारार्ह मर्यादा, दुसऱ्यात ‘पर्यायी स्रोत नसल्यास’ चालणारी मर्यादा. फ्लोराईड पहिल्या रकान्यात लिटरला १ मिलिग्रॅम, दुसऱ्यात १.५. विरघळलेले क्षार ५०० आणि २०००. पाण्याचा जडपणा २०० आणि ६००. नायट्रेटला मात्र सवलत नाही, ४५ म्हणजे ४५.

दुसऱ्या रकान्यामागचा विचार मला समजतो. गावात एकच बोअर असेल आणि त्याला पहिला रकाना लावून कुलूप ठोकलं तर लोक डबक्याचं पाणी पितील. म्हणून थोडी ढील. पण ‘पर्यायी स्रोत नाही’ हे ठरवायचं कुणी? किनवटच्या एखाद्या पाड्यावर बोअरच्या पाण्यात फ्लोराईड १.४ निघालं. दहा किलोमीटरवर तलाव आहे, पाइपलाइनला पैसा लागेल. मग पर्याय आहे की नाही? लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं गेलं. म्हणजे राज्याने ठरवलं तर साडेतीनशे किलोमीटरवरचं पाणीसुद्धा पर्याय ठरू शकतं. तेव्हा पर्याय असणं-नसणं हा रसायनशास्त्राचा प्रश्न राहत नाही, तो पैशाचा, इच्छेचा आणि कुणाची मुलं महत्त्वाची याचा प्रश्न होतो. तो जिल्हा परिषदेच्या सभेत, विधानसभेत गाजायला हवा. इथे तो एका तक्त्याच्या मथळ्यात चार शब्दांत मिटून गेला आहे. आणि पाणी तपासणाऱ्या त्या बाईच्या हातात संच आहे, रंग जुळवायचा तक्ता आहे; पण आपल्या गावाला पहिला रकाना लावलाय की दुसरा, आणि कुणाच्या सहीने, हे विचारण्याइतका मजकूर तिच्या हातात कुणी दिला आहे का? ग्रामपंचायतीला हा तक्ता मराठी करून भिंतीवर रंगवायचा झाला, तर ११ व्या कलमाप्रमाणे आधी ब्यूरोची परवानगी घ्यावी लागेल.

परक्या भाषेतल्या कागदाचं राज्य काय असतं, हे मराठवाड्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानात सरकारी कारभार १८८४ पर्यंत फारसीत आणि पुढे उर्दूत चालला. इथली बहुसंख्य रयत मराठी बोलणारी. जमीन आपली, शेतसारा आपण भरायचा, आणि कागद दुसऱ्याने वाचून दाखवायचा. जरीद्यात, म्हणजे संस्थानच्या राजपत्रात, काय छापून आलं ते वकील किंवा पटवारी सांगेल तेवढंच खरं. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं, तरी त्या कारभाराची सावली अजून गेलेली नाही; जुन्या वाटणीचा किंवा इनामाचा दावा लागला की आजही उर्दू वाचणारा म्हातारा शोधत लोक फिरतात. त्या व्यवस्थेतलं सगळं वाईट होतं असं नाही, नोंदी चोख असत. पण चोख नोंद आणि रयतेला वाचता येणारी नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी नसेल तर पहिलीचा मालक मधला माणूस होतो. आज मानकांच्या बाबतीत तो मधला माणूस म्हणजे सल्लागार. प्रमाणपत्र मिळवून देतो म्हणून तो जिनिंगकडून, दुकानदाराकडून, बिल्डरकडून पैसे घेतो, आणि पुष्कळदा विकतो काय, तर त्या कागदात काय लिहिलंय हे ज्ञान.

बाहेरच्या कागदाला कायद्यात आणलं की काय उलथापालथ होते, ते आपण अगदी अलीकडे पाहिलं. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने मराठा समाजातल्या लोकांच्या कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटिअरचा आधार घ्यायचं ठरवलं आणि मराठवाड्यातल्या प्रत्येक चावडीवर ‘गॅझेट लागू झालं’ हे वाक्य ऐकू येऊ लागलं. आरक्षणाच्या बाजूने वा विरोधात काय बोलायचं तो विषय निराळा आणि इथे मी त्यात शिरत नाही. पण त्या वादात दोन्हीकडच्या किती जणांनी ते गॅझेटिअर पाहिलं होतं? गॅझेटिअर म्हणजे प्रदेशाचं वर्णन आणि लोकसंख्येचे आकडे; त्यात माझ्या-तुमच्या आजोबांचं नाव सापडत नाही. कोणतं वर्ष, कोणतं पान, त्या पानाचा कायदेशीर अर्थ काय, हे निर्णयासोबतच मराठीत छापून आलं असतं, तर निम्म्या अफवा जन्मालाच आल्या नसत्या आणि उरलेलं भांडण तरी खऱ्या मुद्द्यावर झालं असतं.

वर्षाचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण सगळ्यात मोठी सत्ता तिथेच हलते. आदेशात मानकापुढे ‘वेळोवेळी सुधारित केल्याप्रमाणे’ असे शब्द असले, की उद्या समितीने आकडा बदलला तर कायदा आपोआप बदलतो. मंत्रालयाने काही केलं नाही, राजपत्रात काही आलं नाही, तरीही. १९६७ च्या बी. शामा राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर याच जातीचा प्रश्न होता. पाँडिचेरीच्या विधानसभेने मद्रासचा विक्रीकर कायदा उचलला, तोही आपला कायदा अमलात येईल त्या दिवशी तो जसा असेल तसा. म्हणजे मधल्या काळात मद्रास जे बदलेल तेही आधीच कबूल. न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी म्हटलं की ही विधानसभेने आपली जबाबदारी सोडून देणं झालं. पुढच्या निकालांनी या तत्त्वाला मर्यादा घातल्या, हे खरं. पण मद्रासची विधानसभा निदान लोकांनी निवडलेली होती. ज्या समितीचे सभासद आपल्याला ठाऊक नाहीत, जिथे मोठ्या उद्योगाला प्रतिनिधी पाठवणं परवडतं आणि मानवतच्या जिनिंगला परवडत नाही, तिने उद्या केलेला बदल आजच मान्य करून टाकायचा? ब्यूरो मसुदे संकेतस्थळावर टाकून सूचना मागवतं, ही चांगली प्रथा आहे. पण मसुदा इंग्रजीत असतो आणि तो सक्तीचा होणार आहे हे त्या वेळी कुणालाच ठाऊक नसतं. ऐच्छिक शिफारस म्हणून लिहिलेला कागद नंतर एका ओळीच्या आदेशाने हुकूम होतो. लिहिणाऱ्यांनीही तो हुकूम म्हणून लिहिलेला नसतो.

पैशाचा आक्षेप राहिला. मानकं तयार करायला खर्च येतो, तो विक्रीतून निघतो, खुली केली तर संस्था बुडेल. युरोप-अमेरिकेतल्या खासगी मानक संघटनांच्या बाबतीत या म्हणण्यात दम आहे, कारण त्यांच्यापैकी बऱ्याच जणी विक्रीवर जगतात. तरीही तिथल्या न्यायालयांनी काय केलं? टेक्सासमधल्या ॲना आणि सॅव्हॉय या छोट्या गावांनी एका खासगी संघटनेची बांधकाम संहिता कायदा म्हणून स्वीकारली होती. पीटर वीक नावाच्या नागरिकाने ती आपल्या संकेतस्थळावर टाकली. संघटनेने ती काढून टाकायला बजावलं, तेव्हा वीकच कोर्टात गेला. २००२ मध्ये अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने वीकच्या बाजूने निकाल दिला: गावाचा कायदा म्हणून ती संहिता सर्वांची आहे. युरोपीय न्यायालयाने २०१६ मध्ये, आयर्लंडच्या एका इमारतीखाली घातलेल्या खराब खडीच्या प्रकरणात, सामायिक मानक हा युरोपीय कायद्याचाच भाग असल्याचं म्हटलं. मग ५ मार्च २०२४ ला, खेळण्यांच्या सुरक्षेच्या मानकांवरून त्याच मालामुदच्या संस्थेने लढवलेल्या खटल्यात, पुढचं पाऊल टाकलं: कायद्याचा भाग आहे, तर लोकांना ती पाहायला मिळालीच पाहिजेत. आपलं ब्यूरो तर संसदेच्या कायद्याने उभं राहिलेलं आहे आणि त्याची मुख्य कमाई परवाना व प्रमाणपत्रांच्या शुल्कातून होते, मानकांच्या प्रती विकून नाही. बाहेरच्या संघटनेकडून उचललेली मानकं उरतात. त्यांच्या बाबतीत माझं मत कडक आहे. सरकारला तो मजकूर लोकांपुढे ठेवण्याचा हक्क विकत घेता येत असेल तर घ्यावा. येत नसेल तर तो कागद सक्तीचा करू नये.

मराठीबद्दलची शंका अशी की भाषांतरात चूक झाली तर कुठला पाठ खरा मानायचा? दोन पाठांचा प्रश्न आपल्या राज्यघटनेने केव्हाच सोडवला आहे. महाराष्ट्राची राजभाषा मराठी ठरवणारा कायदा १९६४ चा. मराठीत केलेल्या कायद्याचा राज्यपालांच्या अधिकाराने प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद ३४८ व्या अनुच्छेदाप्रमाणे अधिकृत इंग्रजी पाठ मानला जातो. साठ वर्षं हे चाललंय. मानकाचा इंग्रजी पाठ वादात निर्णायक आणि मराठी पाठ माहितीसाठी, पण मराठीवर विसंबलेल्या माणसाला शिक्षा नाही, अशी तजवीज सहज होऊ शकते. माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलमही सांगतं की सरकारी संस्थांनी आपणहून माहिती द्यावी आणि ती देताना स्थानिक भाषेचा विचार करावा. हे २००५ पासून कागदावर आहे.

हजारो मानकं मराठीत आणा, असा हट्ट कुणी धरत नाही. विमानाच्या सुट्या भागाचं मानक जालन्यात कुणाला लागत नाही. सुरुवात थोडक्यांपासून होऊ शकते: पाण्याचं, गाठींचं, भूकंपाच्या नकाशाचं, दगडविटांच्या साध्या घरांचं, आणि राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याने राष्ट्रीय बांधकाम संहितेतला जो भाग आधाराला घेतलाय तो, कारण रुग्णालयं, शिकवणीवर्ग आणि वसतिगृहं त्याच्याखाली येतात, लातूर-नांदेडच्या शिकवणीवर्गांत बाहेरगावची किती मुलं राहतात ते आपण जाणतो. कापूस कळणारी माणसं परभणीच्या कृषी विद्यापीठात आणि नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रात आहेत. परिभाषेचं काम करणारं भाषा संचालनालय राज्याकडे आहे. गाठींच्या आदेशाचा अंमल लांबवताना दरवेळी तयारीला वेळ हवा असं सांगितलं जातं. मग त्या वाढीव वेळेत आयएस १२१७१ चा पूर्ण मजकूर राजपत्रात छापून घ्या, त्याचा मराठी पाठ मोंढ्यात आणि बाजार समितीच्या फलकावर लावा, आणि त्यानंतर परभणीत, जालन्यात, माजलगावात बसून हरकती ऐका. ओलाव्याचा आकडा चुकीचा आहे असं जिनिंगवाले म्हणत असतील, तर त्यांना तो आकडा समोर ठेवून म्हणू द्या. शेतकऱ्यांनाही बोलवा, कारण गाठीवरचा दंड शेवटी क्विंटलच्या भावातून वळता होणार आहे.